चार कलमांचा कायदा

इ. स. १८९७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ थ्या तारखेस कलकत्त्यास हिंदुस्थान सरकारच्या कायदेकौन्सिलांत जो एक कायदा मंजूर झाला, तो छापला असतां एका पानांत सहज मावतो. त्यांत अवघीं चार कलमें. पहिल्यांत कायद्याचें नांव, दुसऱ्यांत सरकारचे अधिकार, तिसऱ्यांत हुकूम मोडणारास शिक्षा व चौथ्यांत हुकूम बजावणारास अभय. ‘साथीच्या रोगांचा कायदा’, सन १८९७ चा तिसरा, असें त्याचें नांव. ज्या रोगासाठीं तो घाईघाईनें करण्यांत आला, त्या प्लेगचा त्यांत नामनिर्देशही नाहीं. डॉक्टर, वैद्य, हकीम, दाई, परिचारिका यांपैकीं एकही शब्द त्यांत सांपडत नाहीं. रोग्याचा उल्लेख आहे, पण तोही ‘तपासणाऱ्या अंमलदारास ज्याचा संशय येईल असा इसम’ अशा आडवळणानें आलेला आहे.

असा हा आंखूड कायदा सव्वाशें वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. त्याच्याच आधारानें १८९७ सालीं पुण्यांत गोरे शिपाई लोकांच्या माजघरांत शिरले, आणि त्याच्याच आधारानें २०२० सालीं महाराष्ट्रांत परदेशाहून आलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातांवर मतदानाच्या शाईचे शिक्के उमटले. मधल्या काळांत राज्य बदललें, वैद्यक बदललें, रोगही बदलले. दुसऱ्या कलमांतील मुख्य वाक्य मात्र अधिकाऱ्याचें नांव तेवढें पालटून जसेंच्या तसें राहिलें. जगाच्या इतिहासांत लांबलचक कायदे पुष्कळ झाले व बहुतेक विसरले गेले. या चार कलमांचें आयुष्य एवढें कसें लांबलें, हें पाहण्यासारखें आहे.

कायद्याची निकड कां पडली हें समजण्यासाठीं त्यापूर्वीचे पांच महिने लक्षांत घ्यावे लागतात. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत, धान्याच्या वखारींच्या शेजारच्या दाट वस्तींत, डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांस विलक्षण तापाचे रोगी आढळले. जांघेंत व काखेंत गांठी, भ्रम आणि थोड्याच दिवसांत मृत्यु. हा प्लेगच होय असें त्यांनीं म्युनिसिपालिटीच्या कमिटीपुढें स्पष्ट सांगितलें. मराठी वैद्यांनीं या रोगास ‘ग्रंथिक सन्निपात’ असें भारदस्त नांव दिलें. सामान्य लोक ‘गांठीचा ताप’ म्हणूं लागले. म्युनिसिपल कमिशनर मि. स्नो यांनीं ६ ऑक्टोबर रोजीं जाहीरनामा काढला कीं, संशयित घरांत शिरून तें साफ करण्यांत येईल व रोग्यास, जरूर तर बळानें, आर्थर रोडच्या रुग्णालयांत नेण्यांत येईल. त्यास आधार १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याचा होता. तीन आठवडे लोकांनीं हें सोसलें. रुग्णालयांत नेलेला मनुष्य परत येत नाहीं, एवढें त्यांस दिसत होतें; आणि तेथें माणसें मारून त्यांची मोमियाई काढितात, ही कंडी तर चाळीचाळींतून पिकली होती. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें हजार गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर लवकरच जाहीरनाम्याची धार बोथट करण्यांत आली. हा हल्ला वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण याची आठवण पुढें सव्वाशें वर्षांनीं पुन्हां करावी लागणार आहे.

लोक पळूं लागले. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तींतील निम्म्याच्या सुमारास माणसें आगगाडीनें, गलबतांनीं, पायींदेखील शहर सोडून गेलीं असें मानतात. कोंकणांत व देशावर त्यांच्याबरोबर रोगही गेला. परंतु कलकत्त्याच्या कौन्सिलास खरी धास्ती लोकांच्या पळण्याची नव्हती. मुंबईचा माल व मुंबईचे उतारू बंदरांत घेण्यास युरोपांतील राष्ट्रें कांकूं करूं लागलीं होतीं. त्याच फेब्रुवारींत व्हेनिस येथें प्लेगचा विचार करण्यासाठीं अनेक राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. कांहीं तरी कडक उपाय योजले आहेत असें तेथें दाखवितां आलें नाहीं, तर कापूस, धान्य, चामडें यांचा व्यापारच बसणार, हें सरकार जाणून होतें. म्हणून मि. जॉन वुडबर्न यांनीं २८ जानेवारीस बिल मांडलें आणि आठवडा पुरा होतो न होतो तोंच त्याचा कायदा झाला. त्याच वर्षीं मुंबईच्या बंदरांतून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूकही बंद पडली.

ही व्यापाराची भीति कायद्याच्या शब्दांतच उतरलेली आहे. दुसऱ्या कलमाचा पहिला भाग सर्वव्यापी आहे: साथीचा धोका उत्पन्न झाला व चालू कायदे अपुरे आहेत असें सरकारास वाटलें, म्हणजे त्यास जे योग्य वाटतील ते उपाय त्यानें करावे, कोणाकडूनही करवावे, आणि लोकांनीं पाळावयाचे तात्पुरते नियम जाहीर करावे. ‘वाटलें’ या शब्दावर सारी इमारत. पुढें विशेष म्हणून ज्या बाबी सांगितल्या आहेत त्यांत आधीं येतात जहाजें, मग आगगाडीचे उतारू, मग संशयितांस रुग्णालयांत किंवा तात्पुरत्या जागेंत वेगळें ठेवण्याची गोष्ट. घराचा उल्लेख नाहीं. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली यांच्या उंबरठ्याआंत सरकारनें कसें शिरावें, कोणास बरोबर घ्यावें, स्त्रीस कोणीं तपासावें, जाळलेल्या सामानाचें काय करावें, यांविषयीं कायदा मुका आहे. खर्च कोणीं सोसावा हें सरकार ठरवील असें एक वाक्य आहे, व त्या वाक्यांत कंसामध्यें, जातां जातां, ‘नुकसानभरपाई द्यावयाची झाल्यास तिच्यासह’ एवढे शब्द आहेत.

तिसऱ्या कलमानें हुकूम मोडणारास पिनल कोडाच्या १८८ व्या कलमाची शिक्षा लावली. साध्या अवज्ञेस एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. जीवितास धोका पोंचण्याजोगी अवज्ञा असल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, अथवा दोन्ही. चौथें कलम एका वाक्याचें: या कायद्यान्वयें सद्बुद्धीनें केलेल्या वा करूं घातलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणावरही दावा किंवा फिर्याद चालणार नाहीं. अंमलदारास अभय देणारीं अशीं कलमें अनेक कायद्यांत असतात, त्यांत नवल नाहीं. पण इतर कायद्यांत अंमलदारानें काय करावें हेंही लिहिलेलें असतें, म्हणजे त्यानें तें ओलांडलें कीं नाहीं हें पाहतां येतें. येथें मर्यादाच लिहिलेली नाहीं. मग ती ओलांडली हें ठरवावयाचें कशावरून?

याचा परिणाम असा झाला कीं, तोच कायदा मुंबईंत एका रीतीनें चालला व पुण्यांत दुसऱ्या. मुंबईंत ५ मार्च १८९७ रोजीं ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग-कमिटी नेमण्यांत आली. गॅटेकर हे लष्करी गृहस्थ, शिस्तीचे कठोर. परंतु आर्थर रोडच्या हल्ल्यावरून त्यांनीं धडा घेतला होता असें दिसतें. निरनिराळ्या ज्ञातींच्या पुढाऱ्यांस त्यांनीं बोलाविलें, आणि आपापल्या लोकांसाठीं आपापलीं रुग्णालयें काढण्यास मुभा दिली. पारशी, हिंदु व मुसलमान यांच्या अनेक ज्ञातींनीं अशीं रुग्णालयें उभारलीं. तेथें स्वयंपाक आपल्या माणसाचा, पाणी आपल्या घागरीचें, उशाशीं आप्त बसलेला. औषधाचा गुण कदाचित् तेवढाच असेल, परंतु रोगी लपविण्याचें एक मोठें कारण नाहींसें झालें. शोधपथकांबरोबर त्या त्या गल्लींतील प्रतिष्ठित गृहस्थ जात. मुंबईंत सर्व सुरळीत झालें असें मात्र नव्हे. गॅटेकर गेल्यानंतर, ९ मार्च १८९८ रोजीं, मदनपुऱ्यांत एका जुलाह्याच्या घरांतील आजारी मुलीस तपासण्यावरून तंटा झाला, गोळीबार झाला आणि दंगा शहरभर पसरून माणसें मेलीं.

पुण्यास काम सोंपविण्यांत आलें तें मि. वॉल्टर चार्लस रँड या सिव्हिलियनाकडे. साताऱ्याकडील नोकरींत कडक अंमलदार म्हणून त्यांचें नांव पुण्यापर्यंत आधींच पोंचलेलें होतें. त्यांच्या कमिटींत कर्नल फिलिप्स आणि सर्जन-कॅप्टन बेव्हरिज असे दोघे होते. बेव्हरिज यांनीं १८९४ च्या हाँगकाँगच्या प्लेगमध्यें काम केलेलें होतें व तेथें गोऱ्या पलटणीकडून घरें शोधविण्याची पद्धति त्यांस ठाऊक होती. तीच पुण्यास आणली गेली. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत सुमारें नऊशें शिपाई व अधिकारी या कामावर होते. पहांटे गल्लीचीं दोन्ही तोंडें रोखावयाचीं, मग तुकडीतुकडीनें घरें तपासावयाचीं, रोगी सांपडल्यास त्यास रुग्णालयांत व त्याच्या घरच्यांस सेग्रिगेशन कँपांत पाठवावयाचें, घराच्या जमिनी खणावयाच्या, कौलें काढून ऊन आंत घ्यावयाचें, भिंतींस चुना व औषधी पाण्याचा फवारा द्यावयाचा, चिंध्या-चटया जाळावयाच्या. कागदावर हा क्रम निर्दोष वाटतो. त्याचा अनुभव ज्यांनीं घेतला त्यांच्या तक्रारी मात्र निराळ्या होत्या: कुलपें फोडलीं, देव्हारे उष्टावले, स्त्रियांस चव्हाट्यावर उभें करून तपासलें, चांगलें सामान जाळलें, नाणीं-दागिने नाहींसे झाले. रँड यांच्या मतें तक्रारी बहुतांशीं खोट्या वा फुगविलेल्या होत्या. खरें-खोटें ठरविणारा तिसरा कोणी नव्हता.

शोध सुरू होण्याच्या तीनच दिवस आधीं, १० मार्च रोजीं, पुण्याजवळ प्लेगनें एक मृत्यु झाला त्याचा येथें उल्लेख करणें अवश्य आहे. सावित्रीबाई फुले यांचें वय त्या वेळीं सहासष्ट वर्षांचें होतें. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं हडपसरजवळ माळावर रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः उचलून तेथें आणलें, व त्या शुश्रूषेंत त्यांस रोग लागला. त्यांच्या हातीं कोणतेंही कलम नव्हतें. शहराच्या या बाजूस एक म्हातारी बाई रोग्यास पाठीवर घेते आणि त्या बाजूस सरकार शिपायांच्या हातून रोगी ओढून काढितें, हीं दोन दृश्यें एकाच आठवड्यांतील आहेत.

पुण्यांतील पुढारी शोधाच्याच विरुद्ध होते असें पुढें पुष्कळांनीं समजून चालविलें. तें बरोबर नाहीं. टिळकांनीं पुणें सोडलें नाहीं, हिंदूंसाठीं प्लेग-रुग्णालय काढण्यांत पुढाकार घेतला, आणि स्वच्छता व विलगीकरण आवश्यक आहे असेंच ‘केसरी’तून लिहिलें. त्यांचा आक्षेप होता तो रीतीवर. पंडिता रमाबाईंनीं मे महिन्यांत ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रांत पुण्याच्या रुग्णालयांतील स्त्रियांच्या व्यवस्थेविषयीं जळजळीत तक्रार छापली. धर्म, पक्ष, राहणी सर्वच बाबतींत टिळक व रमाबाई एकमेकांपासून दूर. तरी या एका प्रश्नावर दोघांची लेखणी एका दिशेस वळली, ही गोष्ट सरकारनें हलक्यानें घ्यावयास नको होती.

२२ जून १८९७ रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा साठ वर्षांचा उत्सव होता. गणेशखिंडींतील गव्हर्नरांच्या बंगल्यावरून परततांना रात्रीं रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच ठार झाले. त्यांचा प्लेगच्या कामाशीं संबंध नव्हता. रँड ३ जुलै रोजीं वारले. दामोदर हरि चापेकर यांस १८९८ च्या एप्रिलांत व त्यांचे बंधु बाळकृष्ण व वासुदेव आणि महादेव रानडे यांस १८९९ च्या मे महिन्यांत फांसावर चढविण्यांत आलें. पुण्यावर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च शहराच्या माथीं मारला. सरदार नातूबंधूंस १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनान्वयें चौकशीवांचून अटकेंत ठेवण्यांत आलें. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरांत अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा सर्व भाग प्रसिद्ध आहे व तो अनेकांनीं अनेक वेळां सांगितला आहे. त्यापेक्षां कमी सांगितली गेलेली, पण कायद्याच्या दृष्टीनें अधिक बोधक अशी गोष्ट गोपाळराव गोखल्यांची.

गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्याहून मित्रांचीं पत्रें त्यांस जात. त्यांतील मजकुरावरून त्यांनीं जुलैच्या प्रारंभीं ‘मँचेस्टर गार्डियन’च्या प्रतिनिधीस सांगितलें कीं, शोधाच्या वेळीं शिपायांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकीं एकीनें लाजेनें जीव दिला. इंग्लंडांत खळबळ उडाली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं आरोप साफ नाकारला व पुरावा मागितला. गोखले जुलैच्या अखेरीस मुंबईस उतरले आणि पुरावा गोळा करूं लागले. पण ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांपैकीं कोणी पुढें येईना. रँडच्या खुनानंतर पुणें भीतीनें गोठलेलें होतें. शिवाय आपल्या घरच्या बाईची अब्रू गेली असें कोणत्या गृहस्थानें चौकशीपुढें उभें राहून सांगावें? सरळ मनाच्या गोखल्यांनीं ऑगस्टांत आरोप पूर्णपणें परत घेतला आणि गव्हर्नर, प्लेग-कमिटी व शिपाई यांची जाहीर क्षमा मागितली. त्यांच्या शत्रूंनीं त्यांस भ्याड ठरविलें, मित्रांनीं उतावळे ठरविलें. त्यांच्या मनास हा घाव पुष्कळ वर्षें सलत राहिला.

गोखल्यांनीं ऐकलेली हकीकत खरी होती कीं खोटी, हें आज कोणासही निश्चयानें सांगतां येणार नाहीं. आणि तेंच या प्रकरणाचें मर्म आहे. चौथ्या कलमाच्या छायेंत एखादी तक्रार नोंदविण्याची, ती तपासण्याची व खोटी असल्यास खोटी ठरविण्याचीही व्यवस्था नव्हती. नागरिकाचें तर नुकसान झालेंच, पण प्रामाणिक शिपायाचेंही झालें, कारण निर्दोष ठरण्याची सोय त्यासही मिळाली नाहीं. जेथें कचेरींत लेखी अर्ज देऊन उत्तर मिळावयाचें तेथें प्रथम कंड्या पिकल्या, मग वर्तमानपत्रांतून आरोप झाले, आणि अखेर पिस्तुल बोललें.

ज्या उपायांसाठीं एवढा अनर्थ झाला त्यांचा उपयोग तरी किती होता? प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँगला सांपडला होता, पण तो मनुष्यापर्यंत पोंचतो कसा हें १८९७ सालीं सरकारच्या वैद्यांस ठाऊक नव्हतें. तो घाणींतून, जमिनींतून, कपड्यांतून, श्वासांतून येतो असा समज. म्हणून जमिनी खणल्या व भिंती धुतल्या. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविलें, तेव्हां त्यास बहुतेकांनीं हंसण्यावारी नेलें. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेंत झालेल्या कामानें त्याचें म्हणणें खरें ठरलें. म्हणजे शिपाई ज्या घरांतून माणसें काढीत त्या घरांतील उंदीर तेथेंच राहत, किंवा फवाऱ्याच्या त्रासानें शेजारच्या घरांत जात. उलट महाराष्ट्रांतील खेड्यांनीं सरकारची वाट न पाहतां जें केलें, तेंच शास्त्राच्या कसोटीस अधिक उतरलें. उंदीर पडूं लागले कीं गांव मोकळा करावयाचा, माळावर झोपड्या घालून दोन-तीन महिने काढावयाचे, व उंदीर पडावयाचे थांबल्यावर घरीं परतावयाचें. कित्येक घराण्यांत अमुक मुलाचा जन्म ‘माळावरचा’ असा हिशेब पुढें दोन पिढ्या चालत आला. डॉ. हाफकिन यांनीं मुंबईस लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली, हीही त्याच वेळची गोष्ट. लस मात्र कायद्यानें सक्तीची करण्यांत आली नाहीं, हें शहाणपण सरकारास सुचलें खरें.

मुंबईचा दंगा, पुण्याचा खून व ठिकठिकाणचा असंतोष यांवरून सरकारनें पुढील दोन-तीन वर्षांत पुष्कळच माघार घेतली. पलटणी निघाल्या, प्रेतांची तपासणी व रोग्यांस बळजबरीनें हालविणें सैल झालें, ज्ञातींचीं रुग्णालयें व खासगी वैद्य-हकीम यांस थारा मिळाला. पण ही माघार हुकुमांनीं घेतली, कायद्यानें नव्हे. चार कलमें होतीं तशींच राहिलीं. १९२० च्या दुरुस्तीनें अधिकार प्रांतिक सरकारांकडे आला, स्वातंत्र्यानंतर राज्यांकडे राहिला. १९४६ च्या भोर समितीनें सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांची नीट बांधणी करावी असें सुचविलें; १९५५ सालीं केंद्रानें राज्यांपुढें एक नमुन्याचा आरोग्य-कायदा ठेवला, तो कोणी फारसा उचलला नाहीं; २०१७ सालीं नवें बिल लिहून झालें व कपाटांत गेलें. साथ चालू असतां कायदा सुधारण्यास सवड नसते आणि साथ ओसरल्यावर गरज वाटत नाहीं, असा हा सरकारी संसार.

२००९ सालीं स्वाइन फ्लूनें देशांतील पहिला मृत्यु झाला तो पुण्यांत, आणि याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाचा आधार घेण्यांत आला. ९ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांतील कोविडचे पहिले रोगी आढळले तेही पुण्यांतच. त्या आठवड्याच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनें १८९७ च्या कायद्याखालीं नियम जाहीर केले. पुढें देशभर जी टाळेबंदी झाली ती २००५ च्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यानें. पण राज्यांच्या हातांतील जुनें हत्यार हेंच होतें. या खेपेस त्याचा रोंख रोग्यांवर होता तसा वैद्यकीय धंद्यावरही वळला. मे महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखालीं घेतल्या व त्यांचे दर ठरवून दिले. त्यासाठीं इतर कायद्यांबरोबर या चार कलमांचाही आधार घेतला होता. ज्या कायद्यांत डॉक्टर हा शब्द नव्हता, त्यानें डॉक्टराच्या बिलाचा आंकडा ठरविला!

आणि त्याच दिवसांत आर्थर रोडचा १८९६ मधील प्रसंग निराळ्या रूपानें पुन्हां घडूं लागला. तपासणीस गेलेल्या आरोग्यसेवकांवर दगड पडले. परिचारिकांस घरमालकांनीं घर सोडण्यास सांगितलें. चेन्नईस कोविडनें वारलेल्या एका डॉक्टराच्या दफनास जमावानें अडथळा केला. २२ एप्रिल २०२० रोजीं वटहुकूम निघाला व सप्टेंबरांत त्याचा कायदा झाला. सव्वाशें वर्षांत या कायद्यास एवढी मोठी भर प्रथमच पडली. डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय व सामुदायिक आरोग्यसेवक यांची व्याख्या त्यांत आली. त्यांच्यावरील हिंसा किंवा रुग्णालयाची नासधूस दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा ठरली: तीन महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड, जबर दुखापत झाल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व १ लाखापासून ५ लाखांपर्यंत दंड. तपास इन्स्पेक्टरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें तीस दिवसांत पुरा करावा, खटला वर्षाच्या आंत संपवावा, आणि जबर दुखापतीच्या खटल्यांत आरोपीनें गुन्हा केला असेंच न्यायालयानें, उलट सिद्ध होईपर्यंत, धरून चालावें. मोडलेल्या मालमत्तेबद्दल बाजारभावाच्या दुप्पट भरपाई.

ही भर अन्याय्य म्हणतां येणार नाहीं. आपला जीव धोक्यांत घालून दुसऱ्याच्या दारीं जाणाऱ्या परिचारिकेस संरक्षण द्यावयाचें नाहीं तर कोणास द्यावयाचें? महाराष्ट्रानें तर २०१० सालींच डॉक्टर व रुग्णालयें यांच्या संरक्षणाचा निराळा कायदा केला होता. खटकतें तें एवढेंच कीं, कायद्याचें पुस्तक उघडलें असतां भर एकाच अंगास घातलेली दिसते. संशयितास किती दिवस अडकवून ठेवावें, कोणाच्या लेखी मतावरून, त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था कोणीं करावी, त्याचें नांव जाहीर करावें कीं नाहीं, हुकूम अन्यायाचा वाटल्यास दाद कोठें मागावी, यांविषयीं २०२० सालींही एक अक्षर लिहिलें गेलें नाहीं. हातावर शिक्का मारावा असें कायद्यांत नव्हतें. मारूं नये असेंही नव्हतें. १८९७ सालीं शिपायांनीं कौलें काढावीं असेंही कोठें लिहिलेलें नव्हतें. या वेळीं अंमलदार बहुतेक आपलेच होते, वर्तमानपत्रें मोकळीं होतीं, उच्च न्यायालयें ऐकून घेत होतीं, म्हणून पुण्याची पुनरावृत्ति झाली नाहीं. हें श्रेय काळाचें व माणसांचें आहे, त्या कलमांचें नाहीं.

२०२४ च्या फेब्रुवारींत विधि आयोगानें आपल्या २८६ व्या अहवालांत या कायद्याचा स्वतंत्र विचार केला व तो आजच्या गरजांस अपुरा आहे, एक तर त्यांत भरीव दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा करावा, असें मत दिलें. त्याच वर्षींच्या १ जुलैस पिनल कोड रद्द होऊन भारतीय न्यायसंहिता अमलांत आली, त्यामुळें १८८ व्या कलमाची जागा २२३ व्या कलमानें घेतली व अवज्ञेची शिक्षा वाढली. दुसऱ्या कलमांतील खर्चाचें वाक्य मात्र तसेंच आहे. रुग्णालयाची मोडलेली कांच आतां दुप्पट किंमतीनें भरून मिळते. ज्याच्या घरास सील ठोकलें, ज्याचें दुकान बंद केलें त्याच्या नुकसानभरपाईचे शब्द १८९७ सालीं ज्या कंसांत घातले गेले, त्याच कंसांत राहिलेले आहेत.